आजोबा तोफखान्यात होते, पण नेमके कुठे? कागद शोधायला सुरुवात कशी करायची

आमच्या अमळनेर-पारोळा भागात अशी बरीच घरं आहेत जिथे ओट्यावरच्या भिंतीला वर्दीतला एक जुना फोटो लावलेला असतो, आणि विचारलं की घरचे म्हणतात आमचे आजोबा लष्करात होते, तोफखान्यात होते, पुढे मात्र कोणालाच काही सांगता येत नाही. कोणती रेजिमेंट, कोणत्या साली, कुठल्या देशात, काही नाही. आमच्या घरातही तेच होतं. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, मी पाचवीत असताना गेले आणि आजीला विचारलं की ती एकच वाक्य सांगायची, "तुना आजला तोफवर व्हतात, बर्माले जायेल व्हतात." तीन वर्षं मी बर्मा धरून शोधत राहिलो आणि शेवटी पेटीच्या तळाशी सापडलेल्या मेडलवर इटली निघालं. आजी खोटं बोलत नव्हती, त्या काळात गावात लढाईला गेला म्हणजे बर्माला गेला असंच बोलायचे. पण माझी तीन वर्षं गेली, म्हणून नवीन माणसाने कुठून सुरू करावं ते सगळं एका जागी लिहितोय.

आधी घर उलथून बघा

इंटरनेटवर नंतर. आधी लोखंडी पेटी, माळा, देवघरामागची पत्र्याची डबी, आत्याच्या घरी गेलेलं सामान, सगळं बघा. आपल्याला मुख्य एकच गोष्ट हवी आहे आणि ती म्हणजे आर्मी नंबर. नाव दहा प्रकारे लिहिलं जातं, गावाचं स्पेलिंग बदलतं, पण नंबर त्या माणसाचा एकट्याचा असतो आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये नंबर दिला की अर्धं काम तिथेच होतं.

नंबर कुठे सापडतो तर डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेटवर, पेन्शन असेल तर पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आजीला विधवा म्हणून मिळालेल्या ओळखपत्रावर, जुन्या मनीऑर्डरच्या पावतीवर, घरी आलेल्या पत्रावर पाठवणाऱ्याच्या नावाआधी, आणि मेडलवर. मेडलचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांची मेडल्स कोरी असायची पण भारतीय सैनिकांना दिलेल्या मेडल्सवर बहुतेक वेळा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट ठोकलेलं असतं. सहा टोकांची चांदणी असेल तर मागच्या बाजूला बघा, गोल मेडल असेल तर कडेला, फिरवून फिरवून, उन्हात तिरपं धरून. आणि कृपा करून चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका! अक्षरं आधीच पुसट असतात, घासलं की गेलीच.

चांदणीच्या मधोमध राजाची अक्षरं असतात आणि त्याभोवती गोलात नाव असतं, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार, तेवढ्यावरून आघाडी कळते. नुसती रिबीन उरली असेल तरी चालतं. लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी पट्टी असेल तर ती इटलीची, वाळूच्या रंगाची आणि मधे लाल पट्टा असेल तर आफ्रिका, मधे रुंद लाल आणि दोन्हीकडे गडद निळा नि नारिंगी असेल तर बर्मा. नुसतं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल असेल आणि चांदणी एकही नसेल तर बहुतेक माणूस भारतातच नेमणुकीवर होता, त्यात कमीपणा काही नाही, ट्रेनिंग सेंटर आणि किनाऱ्यावरच्या विमानविरोधी तोफा पण कोणीतरी सांभाळतच होतं.

स्वातंत्र्यानंतरच्यांचं सोपं आहे. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी असेल तर ४७-४८ ची काश्मीरची लढाई. समर सेवा स्टार असेल तर माणूस १९६५ ला प्रत्यक्ष लढाईच्या भागात होता, नुसतं रक्षा मेडल असेल तर त्या काळात नोकरीत होता. १९७१ साठी पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पंजाब-राजस्थान-काश्मीरची बाजू, आणि संग्राम मेडल सगळ्यांना.

फोटो असतील तर खांद्यावरची पट्टी, टोपीवरचा बिल्ला आणि फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का बघा. मागे देवळाली किंवा बंगलोरचा स्टुडिओ असेल तर तो पुरावा आहे, फोटो फ्रेममधून काढल्याशिवाय तो दिसणार नाही. पत्र असेल तर पाकिटावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का जपा, त्या नंबरवरून आणि तारखेवरून पोस्ट कुठे होतं ते शोधता येतं. ७१ च्या पत्रावर ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर साधारण पूर्वेकडचं आणि ५६ एपीओ असेल तर पश्चिम-उत्तरेकडचं.

आणि हे करता करताच घरातली जी म्हातारी माणसं उरली आहेत त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून. "कुठे होते" असं विचारू नका, त्याचं उत्तर बर्माच येतं. "काय खायचे म्हणून सांगत, थंडी होती का, बर्फ होता का, समुद्राने गेले का, सोबत गावातलं कोण होतं, परत आले तेव्हा काय आणलं" असं विचारा. आणि अहिराणीतच विचारा, प्रमाण मराठीत विचारलं की म्हातारी माणसं आखडून बसतात आणि शाळेत उत्तर दिल्यासारखी बोलतात.

ते खरंच तोफखान्यात होते का, हे तपासा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण आपल्याकडे यात फार घोळ होतो. भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, तिथे काम केलेला माणूस घरात "दारूगोळ्यात होते" म्हणून ओळखला जातो आणि दोन पिढ्यांनी त्याचं "तोफखान्यात होते" होतं. फॅक्टरीतला कामगार हा सिव्हिलियन, त्याचे कागद पूर्ण वेगळीकडे.

दुसरा घोळ अक्षरांचा. आर.आय.ए. म्हणजे रॉयल इंडियन आर्टिलरी, पण आर.आय.ए.एस.सी. म्हणजे सर्व्हिस कोअर, रेशन आणि गाड्या पुरवणारे. पुढची दोन अक्षरं पुसली गेली असतील तर माणूस भलत्याच खात्यात शोधला जातो. नुसतं आय.ए. असेल तर इंडियन आर्टिलरी. युनिटच्या नावात एफडी म्हणजे फील्ड, एमटीएन म्हणजे माउंटन, मेड म्हणजे मीडियम, ए-टीके म्हणजे अँटी-टँक, एलएए आणि एचएए म्हणजे विमानविरोधी हलक्या आणि जड तोफा. विमानविरोधी तोफखाना तेव्हा आर्टिलरीतच होता, १९९४ ला तो आर्मी एअर डिफेन्स म्हणून वेगळा झाला, त्यामुळे ७१ मधला विमानविरोधी गनर शोधताना ही गोष्ट पत्रात लिहा.

तिसरा घोळ नावाचा. महायुद्धात मराठा अँटी-टँक नावाच्या रेजिमेंट्स होत्या आणि त्या तोफखान्याच्या होत्या. आप्पांच्या मेडलवर मराठा वाचून मी सरळ पायदळाकडे पत्र टाकलं आणि "हा नंबर आमचा नाही" असं उत्तर यायला चार महिने लागले. उलटही होतं. आपल्याकडची पुष्कळ माणसं १९४१ ला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये होती, तिच्यात मशीनगन होत्या, आणि घरच्यांच्या बोलण्यात गन म्हणजे तोफ होऊन बसते. तिचे रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. तोफखान्याचे नाशिक रोडला.

हुद्दा वाचतानाही थोडं सांभाळा. तोफखान्यात शिपायाला गनर म्हणतात, पुढे लान्स नाईक, नाईक, हवालदार. जुन्या कागदावर जमादार असेल तर तो आजचा नायब सुभेदार, सफाईवाला नव्हे, आमच्या नात्यातल्या एका घराने याच गैरसमजातून तो कागद वर्षानुवर्षं लपवून ठेवला होता. आणि खरंच स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, न्हावी, सफाई कामगार म्हणून भरती झालेली माणसंही रेजिमेंटसोबत आघाडीवर होती. त्यांनाही नंबर होता, त्यांनाही मेडल मिळालं, गोळे त्यांच्यावरही पडले. असा कागद निघाला तर लपवू नका, तो अभिमानाने लावायचा कागद आहे.

थोडासा इतिहास, शोधायला लागतो तेवढाच

१८५७ नंतर इंग्रजांनी तोफा भारतीयांच्या हातात ठेवल्याच नाहीत, फक्त डोंगरी तोफखाना म्हणजे माउंटन बॅटऱ्या (बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी) राहिल्या, खेचरांवर तोफेचे भाग लादून नेणाऱ्या. त्यातली बॉम्बे माउंटन बॅटरी २८ सप्टेंबर १८२७ ची, म्हणून आजही २८ सप्टेंबरला गनर्स डे असतो. मोठ्या तोफांची भारतीय फील्ड रेजिमेंट पहिल्यांदा उभी राहिली ती १९३५ ला बंगलोरला. म्हणजे पणजोबा पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते असं घरात सांगत असतील तर ते बहुतेक माउंटन बॅटरीत किंवा तोफा ओढणाऱ्या जनावरांवर ड्रायव्हर असणार, हे धरून चाला. दुसऱ्या महायुद्धात मात्र भराभर रेजिमेंट्स वाढल्या आणि आपल्याकडची पोरं गेली ती त्याच भरतीत. १९४५ ला रॉयल हा मान मिळाला, १९५० ला तो शब्द निघाला. म्हणजे कागदावर इंडियन आर्टिलरी की रॉयल इंडियन आर्टिलरी यावरूनही कागद साधारण कधीचा ते कळतं.

फाळणीत रेजिमेंट्स पण वाटल्या गेल्या, काही पाकिस्तानकडे गेल्या. त्यामुळे आजोबांची रेजिमेंट आज भारतात नसू शकते, माणूस इथला असला तरी. घाबरून जाऊ नका, त्या रेजिमेंटच्या युद्धाच्या डायऱ्या तरीही असतात, खाली सांगतो.

गावाचं आणि जिल्ह्याचं नाव जुन्या पद्धतीने लिहून घ्या

१९०६ ला खान्देशचे दोन जिल्हे झाले, पूर्व खान्देश जळगावला आणि पश्चिम खान्देश धुळ्याला. १९६० पर्यंत कागदावर हीच नावं. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. म्हणजे शहाद्याचा किंवा तळोद्याचा माणूस १९४३ च्या कागदात वेस्ट खान्देश म्हणून सापडेल, नंदुरबार टाकून शोधलं तर कधीच नाही. धुळे हे धुलिया असं लिहिलेलं असतं. मुक्ताईनगर तेव्हा एदलाबाद होतं, साक्रीकडचा भाग पिंपळनेर तालुका म्हणून सापडतो, चोपड्याचं इंग्रजीत चोप्रा झालेलं असतं.

माणसाच्या नावाचंही तसंच. भरती करणारा बाबू जे ऐकेल ते लिहायचा आणि ऐकणारा आपल्या मुलखातला नसायचा. आडनाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, किंवा पाटील, महाजन, भिल असंच. वामनचा वामण, दगडूचा दगडो, भिकाचा भिखा किंवा भिकू. वयही वाढवून सांगितलेलं असतं कारण कमी वयाचा पोरगा घ्यायचे नाहीत, म्हणून जन्मसाल जुळलं नाही तर लगेच तो माणूस आपला नाही असं ठरवू नका. एका वहीत आजोबांच्या नावाची सगळी संभाव्य रूपं लिहा, इंग्रजीत, आठ-दहा तरी होतील. मी आप्पांची अकरा लिहिली होती आणि सापडले ते बाराव्या रूपात, वडिलांच्या नावासकट एक शब्द करून.

नाशिक रोडला पत्र

आपल्यासाठी हे जवळ आहे हे आपलं नशीब. आर्टिलरी रेकॉर्ड्स नाशिक रोड कॅम्पला आहे, तोफखान्याचं ट्रेनिंग सेंटर पण तिथेच, शाळा शेजारी देवळालीला. जळगाव-भुसावळकडच्या माणसाला देवळालीची गाडी लहानपणापासून माहीत असते, आणि भरती झालेली कितीतरी पोरं त्याच रुळावरून गेली. पण सरळ उठून गेटवर जाऊ नका, ते लष्करी ठिकाण आहे, असंच कोणाला आत घेत नाहीत. आधी पत्र, स्पीड पोस्टाने, हिंदीत किंवा इंग्रजीत.

पत्रात पहिल्या ओळीतच नंबर, हुद्दा, नाव. मग वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी, रेजिमेंट माहीत असेल ती, भरती आणि डिस्चार्जचं अंदाजे साल, आणि तुमचं नातं. सोबत तुमचं आधार, नातं दाखवणारा काहीतरी कागद म्हणजे वारस नोंद, रेशनकार्ड, शाळेचा दाखला जे असेल ते, मृत्यूचा दाखला, आणि डिस्चार्ज किंवा मेडलचे फोटो. मूळ कागद पाठवायचा नाही, कधीच नाही, कोणी कितीही मागितला तरी झेरॉक्स.

आता मुख्य मुद्दा, यात नवीन माणूस निराश होतो. तुम्ही लिहाल "आजोबांची सर्व माहिती द्यावी" आणि उत्तर येईल की कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली आहेत. ते खरं असतं. ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे सर्व्हिसचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा आर्मीचा नियम आहे आणि महायुद्धात भरती झालेले बहुतेक जण १९४५-४७ ला युद्ध संपलं म्हणून घरी पाठवले गेले, पेन्शनशिवाय. म्हणजे त्यांचा शीट रोल, ज्यात भरतीपासून सगळं असतं, तो बहुतेक गेलेला असतो. पण लाँग रोल म्हणून एक रजिस्टर असतं ते कायमचं ठेवतात, त्यात माणसाची थोडक्यात नोंद असते. म्हणून पत्रात स्पष्ट शब्दात लिहायचं की शीट रोल, किंड्रेड रोल आणि पार्ट टू ऑर्डर उपलब्ध असतील तर त्यांच्या प्रती द्याव्यात आणि नष्ट झाल्या असतील तर लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत द्यावी. किंड्रेड रोल म्हणजे सैनिकाने दिलेली घरच्यांची यादी, आईवडील, बायको, भाऊ. पार्ट टू ऑर्डरमध्ये लग्न, मुलं, बदली, हॉस्पिटल अशा घडामोडी. आमच्या हाती शेवटी लाँग रोलची नोंदच आली, चार ओळी, पण भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण कळलं आणि त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

दोन-तीन महिने काहीच आलं नाही तर आरटीआय टाका. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर आर्मी निवडून टाकता येतो किंवा १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून पोस्टाने. ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, चुकीच्या ऑफिसला गेला तर त्यांनी ५ दिवसात योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पटलं नाही तर ३० दिवसात पहिलं अपील. आरटीआयमध्ये "का" आणि "कसं" विचारू नका, "प्रत द्या" असंच लिहा. वैयक्तिक माहिती म्हणून नाकारू नये यासाठी वारस असल्याचा कागद पहिल्यांदाच जोडा. २० वर्षांपेक्षा जुन्या घटनांची माहिती देण्याबद्दल कलम ८ चं तिसरं पोटकलम आहे, त्याचा उल्लेख करायला विसरू नका.

एक सावधगिरी. हे काम करून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे एजंट भेटतील, माझ्या एका नातेवाइकाने पैसे दिले आणि शेवटी आलं तेच पत्र जे फुकट आलं असतं. आणि आजीची पेन्शन चालू असेल तर नंबर, पीपीओ, बँकेचा कागद असं काही फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, त्यावरून फसवणूक होते.

जिल्हा आणि तहसील

जळगाव आणि धुळ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे माजी सैनिकांची आणि विधवांची नोंदणी असते, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देत आलंय, त्यासाठी ज्यांनी अर्ज केला त्यांचे कागद तिथे जमा झालेले असतात. आजीने कधी अर्ज केला होता का हे घरात विचारा, अर्जासोबत डिस्चार्जची प्रत लावलेली असणार आणि घरचा मूळ कागद उंदराने खाल्ला असला तरी ती प्रत असू शकते. तिथले कर्मचारी पुष्कळदा स्वतः माजी सैनिक असतात, नीट बोललं तर वाट दाखवतात.

तलाठ्याकडेही एक चक्कर मारा. माजी सैनिक म्हणून जमीन मिळालेली असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ दिसेल आणि जुन्या फेरफारात कारण लिहिलेलं असेल, कधी युनिटसकट. आणि गावच्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर, खरी जन्मतारीख त्यात मिळते.

माणसाचा कागद मिळाला नाही तर रेजिमेंटचा वाचा

माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. युद्धात प्रत्येक रेजिमेंटला रोजची डायरी ठेवावी लागायची, आज कुठून कुठे गेलो, किती गोळे टाकले, कोण जखमी, हवा कशी. तिच्यात साध्या गनरचं नाव क्वचितच येतं. पण तुम्हाला रेजिमेंट आणि तारखा माहीत असतील तर तो माणूस त्या दिवशी कुठे उभा होता ते कळतं.

या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. ऑनलाइन कॅटलॉग फुकट शोधता येतो, डब्ल्यूओ म्हणजे तिकडच्या वॉर ऑफिसच्या फाइली, डब्ल्यूओ १६९ मध्ये आफ्रिका-इराक-मिडल ईस्ट, डब्ल्यूओ १७० मध्ये इटली, डब्ल्यूओ १७२ मध्ये बर्मा आणि भारत, पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ ९५. इटलीची १९४३ ची डायरी १६९ मध्येही शोधून बघा. रेजिमेंटचा नंबर आणि इंडियन हा शब्द टाकून शोधायचं, फाइलचा नंबर लिहून घ्यायचा, मग पैसे भरून प्रती मागवता येतात, पण स्वस्त पडत नाही, त्यामुळे सबंध वर्ष न मागवता आधी एक-दोन महिन्यांची मागवा. तिकडे शिकायला गेलेला गावातला कोणी पोरगा-पोरगी असेल तर सगळ्यात बरं, रीडर्स तिकीट काढून फोनने फोटो काढू देतात. इथे दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, त्यावरही युनिटचं नाव टाकून बघा. दिल्लीच्याच युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये लष्करी इतिहासाचं काम चालतं, नेमका प्रश्न विचारला तर तिथूनही मदत होते. शौर्यपदकाची शंका असेल तर क्यूमध्येच डब्ल्यूओ ३७३ मध्ये शिफारशी आहेत आणि लंडन गॅझेट ऑनलाइन फुकट आहे. हवालदार उमराव सिंग, बर्मात कलादन खोऱ्यात डिसेंबर १९४४ ला ज्यांनी तोफ सोडली नाही आणि ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांच्यासारखी नावं तिथे आहेतच पण कमी प्रसिद्ध शेकडो पण आहेत.

आमचं सांगतो. आप्पांची रेजिमेंट ४ थी मराठा अँटी-टँक, ती इटलीत ८ व्या भारतीय डिव्हिजनसोबत होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ ला टारंटोला उतरली आणि नोव्हेंबरात सांग्रो नदीवर अडकली, कारण इतका पाऊस झाला की नदी फुगली आणि बांधलेले पूल वाहून गेले, गाड्या आणि तोफा चिखलात. हे वाचताना मला एकदम आठवलं की आजी सांगायची, आप्पा पावसाळ्यात बैलगाडी रुतली की कोणावर ओरडायचे नाहीत, बाकीचे सगळे बैलांना शिव्या घालायचे आणि हे शांतपणे चाकाखाली पळाट्या (कपाशीच्या काड्या) टाकायचे, म्हणायचे "यानाथीन मोठं व्हतं ते काढेल शे", म्हणजे याच्यापेक्षा मोठं होतं ते काढलंय. आम्हाला वाटायचं कुठली तरी मोठी बैलगाडी असेल. त्यांचं नाव त्या डायरीत कुठेच नाही, मला त्याचं काही वाटलं नाही.

जे परत आले नाहीत

घरातला माणूस युद्धात गेला असेल तर शोध उलट सोपा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धातल्या मृत सैनिकांची नावं फुकट शोधता येतात, तिथे आडनाव न टाकता नुसतं खान्देश हे अतिरिक्त माहितीत टाकून, रेजिमेंट इंडियन आर्टिलरी ठेवून बघा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं आणि बायकोचं नाव, गाव, ईस्ट खान्देश असं असतं. आपल्याकडच्या हिंदू सैनिकांना दहन दिलं जायचं म्हणून वेगळी कबर बहुतेक नसते, स्मारकावर नाव असतं. बर्मासाठी टाउक्यानचं रंगून मेमोरियल आणि इंफाळ, कोहिमाची दहन स्मारकं, मलाया-सिंगापूरसाठी क्रांजी, इटलीसाठी कॅसिनो आणि सांग्रो. सांग्रोच्या दहन स्मारकावर पाचशेहून जास्त नावं आहेत. पुण्यात खडकीलाही युद्ध स्मारक आहे, तिथे सहज जाता येतं.

घरात "जपान्यांनी धरलं होतं" असं सांगत असतील तर १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं त्या बाजूने शोधा, २२ वी माउंटन रेजिमेंट आणि विमानविरोधी तोफावाले भारतीय गनर तिथे होते. त्यातले काही पुढे आझाद हिंद सेनेत गेले, त्यांचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात वेगळ्या संग्रहात आहेत, स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा जुना अर्ज असेल तर तोही बघा.

स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत, २०१९ ला सुरू झालं, वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं. आणि ६५, ७१ ची माणसं तर अजून आपल्यात आहेत! त्यांच्यासाठी लंडन नको, त्यांच्या रेजिमेंटच्या माजी सैनिकांचा ग्रुप शोधा, रायझिंग डेला, म्हणजे रेजिमेंटच्या स्थापना दिवसाला ते जमतात, आणि तुमच्या वडिलांच्या बॅटरीतला, एकाच तोफेवरचा माणूस धुळ्यात किंवा सांगलीत जिवंत असू शकतो. नंबर तोच राहतो पण फील्डची मीडियम झालेली असते, त्यामुळे जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी विचारा. हे या वर्षीच करा, त्या लोकांची वयं आता सत्तरच्या पुढे आहेत.

कागद हाती आले की दोन झेरॉक्स, एक स्कॅन, आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका, उष्णतेने शाई उडते आणि मग तो परत निघत नाही. साध्या कागदी पाकिटात, पेटीत डांबरगोळीपासून लांब ठेवा. फोटोच्या मागे पेन्सिलने नंबर, नाव, रेजिमेंट आणि कोणी सांगितलं ते लिहा. मी आप्पांच्या फोटोमागे लिहिलंय, आणि तो परत ओट्यावरच्या त्याच खिळ्याला लावलाय.